ज्यांना आणता, त्यांची तरतूद कोठे?

सातपाटीच्या समोर, खाडीच्या उत्तर तीरावर मुरबे हे मच्छीमारांचे गाव आहे. मुंबईकर वाचकांपैकी बहुतेकांना या गावाचे नाव अलीकडेच, तेथे उभारावयाच्या बंदराच्या वादामुळे ऐकू आले असेल. त्या बंदराला मच्छीमारांचा कडवा विरोध आहे, आणि त्यांच्या उपजीविकेचा चोख हिशेब झाल्याविना एकही दगड समुद्रात पडू नये असे आमचेही मत आहे. परंतु बंदर व्हावे की न व्हावे हा आजच्या लेखाचा विषय नाही. या बंदराच्या, त्याच्या उत्तरेस होऊ घातलेल्या वाढवण बंदराच्या आणि बोईसर येथील बुलेट ट्रेनच्या स्थानकाच्या गलबल्यात एका प्रश्नाकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही. ही कामे करण्यासाठी जी हजारो माणसे परप्रांतांतून आणि परजिल्ह्यांतून येथे येतील, ती राहणार कोठे, पाणी कोणाच्या विहिरीचे पिणार, त्यांची मुले कोणत्या शाळेत बसणार, आणि या साऱ्याचा खर्च कोणी करावयाचा?

वाढवण बंदराच्या पायाभरणीचा समारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे थाटाने झाला. खर्चाचा आकडा सुमारे ७६ हजार कोटी रुपयांचा. एवढ्या मोठ्या रकमेत भराव आहे, धक्के आहेत, रेल्वे आहे, रस्ते आहेत. माणसे मात्र गृहीत धरलेली आहेत. ती येतातच, त्यांच्या येण्यासाठी तरतूद करावी लागते, हा विचार आपल्या नियोजनकारांच्या डोक्याला शिवतच नाही. वाळू आणि सिमेंट कोठे साठवायचे याचा नकाशा असतो. ते कालवणाऱ्याने रात्री पाठ कोठे टेकावी याचा नसतो.

या भागाला हा अनुभव नवीन नाही. १९६९ साली देशातील पहिले अणुवीज केंद्र तारापूरला सुरू झाले. त्यापाठोपाठ औद्योगिक वसाहत आली आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने हजारांच्या घरात गेले. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा, बंगाल, राजस्थान येथून, तसेच खानदेश-मराठवाड्यातून कामगार आले. कारखानदाराला भूखंड मिळाला, वीज मिळाली, पाणी मिळाले, करात सवलत मिळाली. कामगाराला मिळाली ती पत्र्याची खोली, जिच्यात पाळीनुसार अंथरूण बदलते. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच जागेवर आडवा होतो. भोवतालच्या गावांत शेतजमिनींवर चाळी उठल्या, ओढ्यांची गटारे झाली. सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासल्याची तक्रार घेऊन मांगेला समाजाच्या संस्थेला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाची पायरी चढावी लागली.

आता याचा राग कोणावर निघतो ते पाहा. पाणी पुरत नाही, दवाखान्यात रांग संपत नाही, शाळेच्या वर्गात पाय ठेवायला जागा नाही, तेव्हा गावकऱ्याच्या डोळ्यांपुढे मंत्रालयातील सचिव नसतो, कारखान्याचा मालकही नसतो. त्याच्यापुढे रांगेत उभा असलेला परका माणूस असतो. राज्याने जो खर्च करावयाचा तो राज्याने टाळला, उद्योगाने जो उचलावयाचा तो उद्योगाने झटकला, आणि दोघांच्याही वाट्याचा भार गावाच्या विहिरीवर येऊन पडला. मग ‘भूमिपुत्र विरुद्ध परप्रांतीय’ अशी आरोळी ठोकायला पुढारी तयारच असतात; त्या आरोळीला पैसे पडत नाहीत.

पैशाचा हा हिशेब मुळातच कसा चुकतो, हे समजून घेण्याजोगे आहे. २०११ च्या जनगणनेत बोईसरची नोंद ‘जनगणना शहर’ अशी झाली. म्हणजे वस्ती पाच हजारांहून अधिक, दाटी शहराची, आणि कामकरी पुरुषांपैकी किमान पाऊण हिस्सा शेतीबाहेरील धंद्यांत. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींना जे अनुदान दिले त्याच्या वाटपात मुख्य भार लोकसंख्येवर होता, आणि लोकसंख्या २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. म्हणजे २०११ नंतर बोईसरला आलेला प्रत्येक माणूस ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी पितो, तिच्या रस्त्यावरून चालतो, तिच्या कचऱ्यात भर घालतो. पण अनुदानाच्या कागदावर तो जन्मलेलाच नाही. अशा स्थितीत सरपंचाने नवागतांचे स्वागत करावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी स्वतः एकदा ती ग्रामपंचायत चालवून पाहावी.

कायदे नाहीत असे नाही. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने कंत्राटदारावर निवासाची, वैद्यकीय मदतीची आणि प्रवासभत्त्याची जबाबदारी टाकली होती. शिवाय महिन्याच्या वेतनाच्या निम्मा अथवा ७५ रुपये, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तेवढा विस्थापन भत्ता द्यावा असे सांगितले होते. तो कितीजणांच्या हातात पडला, हे कामगारांनाच विचारावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि तो जुना कायदा इतिहासजमा झाला. नव्या संहितेत आपल्या आपण आलेल्या कामगारालाही स्थलांतरित म्हटले आहे, शिधा मूळ गावी घ्यावा की कामाच्या ठिकाणी याची निवड त्याला दिली आहे. ही सुधारणा आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण विस्थापन भत्ता गेला, आणि पूर्वी पाच कामगारांना लागू होणारे संरक्षण आता दहांपासून सुरू होते. एका हाताने दिले आणि दुसऱ्याने काढून घेतले.

निधीही नाही असे नाही. बांधकामाच्या खर्चावर किमान एक टक्का उपकर १९९६ पासून कायद्यात आहे. तो बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी असतो. देशभर या उपकराचे हजारो कोटी रुपये कल्याण मंडळांकडे पडून राहिले, आणि जे खर्च झाले त्यांत मजुरांसाठी लॅपटॉप आणि धुलाईयंत्रे घेतल्याचे पाहून सर्वोच्च न्यायालयाला २०१८ च्या निकालात खेद व्यक्त करावा लागला. ज्याच्या खोलीत पाण्याचा नळ नाही त्याला धुलाईयंत्र! या निधीचा लाभ घ्यायचा तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला हवा. चार महिन्यांत तीन ठेकेदार बदलणाऱ्या मजुराला तो कोण देणार? आणि रसायनाच्या कारखान्यात कंत्राटावर पोती उचलणाऱ्याला तर हा निधी लागूच नाही, कारण तो बांधकाम मजूर नव्हे.

आमचे म्हणणे साधे आहे. प्रकल्प ज्यांना गावातून उठवतो त्यांच्या पुनर्वसनाची जबाबदारी प्रकल्पाने उचलावी, हे तत्त्व महाराष्ट्राने १९७६ चा पुनर्वसन कायदा करून मान्य केले, आणि नव्या गावठाणात शाळा, पाणी, रस्ते असावेत हे पुढच्या कायद्यांतही कायम राहिले. प्रकल्प ज्यांना गावात आणतो त्यांच्यासाठी हेच तत्त्व का लागू नाही? दोघांचीही हालचाल एकाच प्रकल्पाने केलेली असते. एकाची नोंद खर्चात होते, दुसऱ्याची होत नाही, एवढाच फरक.

यावर ताबडतोब येणारा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे: ‘आधी घरच्यांचे पाहा.’ तो आक्षेप पोकळ नाही. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठली. त्या भट्ट्या २००५ व २००६ साली वीज देऊ लागल्या. गावकऱ्यांचे पुनर्वसनाचे गाऱ्हाणे मात्र उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालले. तत्त्व कागदावर असून घरच्यांची ही गत, तेथे बाहेरच्यांचे काय? परंतु यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. पोफरणच्या माणसाचा आणि बोईसरच्या चाळीतील माणसाचा तोटा एकाच कारणाने झाला: माणसांवरचा खर्च प्रकल्प पुरा झाल्यानंतर बघू, असे म्हणण्याची सवय. एकाचे काढून दुसऱ्याला द्यावे असे येथे काही नाही. दोघांनाही अजून पुरते मिळालेलेच नाही.

शिवाय ‘घरचा’ कोण, हेही एकदा तपासावे. तलासरी-डहाणूचे आदिवासी तरुण वर्षानुवर्षे गुजरातेत खलाशी म्हणून जातात. पोरबंदर-ओखा-वेरावळच्या बोटींवरून पकडले जाऊन त्यांपैकी कित्येकांनी कराचीच्या तुरुंगात वर्षे काढली आहेत. जव्हार-मोखाड्याची कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर उतरतात. तेथे ती परकीच असतात. त्यांच्या मुलांसाठी विधायक संसदेने भट्टीवरच भोंगा शाळा काढल्या, आणि पुढे शासनाने शिक्षण हमी कार्ड आणले. या जिल्ह्याला पाहुण्याचे दुःख यजमानापेक्षा अधिक कळावयास हवे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला गोळीबारात जे पाच हुतात्मे पडले, त्यांत मुरब्याचे चुरी होते, तसे पालघरचे तिवारीही होते.

राज्याने ठरविले तर काय होते, याचे उदाहरणही ठाणे परिसरातच आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावण्यांत उतरले. त्यांची संख्या लाखाच्या घरात गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. बराकींतील हाल आम्ही विसरलेलो नाही. किंतानाच्या पडद्याने एकाच दालनात दोन संसार विभागलेले होते. तरीही शिधा, शाळा, धंदेशिक्षण, कर्जे यांवर खर्च करणे हे सरकारने आपले काम मानले, तेही तिजोरीत खडखडाट असताना. त्या खर्चातून उभ्या राहिलेल्या बाजारपेठेने पुढे किती कर भरला असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अलीकडचे उदाहरण केरळचे. त्या राज्याने परप्रांतीय कामगारांसाठी कल्याण योजना २०१० साली काढली, पुढे आरोग्यविमा दिला, आणि पालक्काडजवळ कंजिकोड येथे सहाशेहून अधिक जणांचे ‘अपना घर’ नावाचे वसतिगृह २०१९ साली उघडले. नावसुद्धा हिंदीत ठेवले. मल्याळम भाषेचे त्याने काही बिघडले नाही.

आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांची मुले कॅनडात स्थायिक झाली आहेत, त्यांनी तेथील व्यवस्था आठवावी. कायम वास्तव्याचा परवाना मिळालेल्याला तेथील सरकार भाषेचे वर्ग फुकट देते, नोकरी शोधायला मार्गदर्शक देते, मुलांच्या शाळेची वाट दाखवते. सरकार पैसा देते आणि काम स्थानिक संस्था करतात. वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक खर्च यावर होतो. तात्पुरत्या मजुरांना मात्र त्यातून बव्हंशी वगळले आहे, ही त्यातील खोट. टोरांटोला आपल्या मुलाला मिळालेल्या या सेवांचे कौतुक सांगताना आम्हांपैकी कोणालाही ती कॅनडाच्या भूमिपुत्रांवरील आक्रमणाची तरतूद वाटत नाही.

भाषेचेच घ्या. परप्रांतीय मराठी शिकत नाहीत म्हणून २०२५ साली मुंबईत आणि भोवताली मारहाणीपर्यंत मजल गेली. मराठी यायलाच हवी, याबद्दल आमचा दुसरा विचार नाही. पण रात्री दहाला पाळी संपवून येणाऱ्या ओडिया मजुराने ती कोठे शिकावी? औद्योगिक वसाहतीच्या दारात मराठीचा एक फुकट वर्ग, पाळीच्या वेळा सांभाळून, चालविण्यास फारसा पैसा लागणार नाही. थप्पड मारणे त्याहूनही स्वस्त आहे, हे खरे.

तेव्हा राज्य सरकारने आपल्या अर्थसंकल्पात नवागत साहाय्याचे स्वतंत्र शीर्ष उघडावे आणि मोठ्या प्रकल्पांच्या मंजुरीतच त्यासाठी ठरावीक हिस्सा बांधून घ्यावा. हा पैसा बोईसर-पालघरसारख्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना, जिल्हा परिषदेला आणि कामाचा अनुभव असलेल्या संस्थांना निदान तीन वर्षांच्या हमीने मिळावा. मार्चच्या अखेरीस येणारे आणि एकतीस तारखेला परत जाणारे अनुदान काय कामाचे? बोईसर स्थानकाबाहेर एक कचेरी असावी, जेथे नव्याने उतरलेल्याला शिधापत्रिकेची बदली, ई-श्रम नोंदणी, बँकेचे खाते, मुलाचा शाळाप्रवेश यांची वाट त्याला समजेल अशा भाषेत दाखविली जाईल. भाड्याच्या खोल्यांना पाणी आणि संडास सक्तीचे व्हावेत, आणि ज्यांच्या विहिरी व शाळा आजवर हा भार वाहत आल्या त्या मुरबे-नवापूरसारख्या गावांना याच निधीतून आधी भरपाई मिळावी. या शेवटच्या अटीवर आमचा विशेष भर आहे. नवागताबरोबर गावाला नळ मिळाला, तर गावकरी नवागताकडे वेगळ्या नजरेने पाहील.

यांपैकी एक काम तर अर्थसंकल्पाचीही वाट पाहणारे नाही. रखडलेल्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख ठरलेली आहे. पालघरच्या जिल्हा प्रशासनाने तारापूर औद्योगिक वसाहतीच्या भोवतालच्या चाळींची यादी आताच तयार करावी, आणि प्रगणकांना तेथे सकाळी अकराला न पाठविता पाळी सुटल्यावर पाठवावे.