आधी खाली बघ



परवा भाची अकरावीची वही घेऊन बसली होती. आपल्या बालाघाटच्या पोरांचं असंच: घरी मराठी, रस्त्यावर हिंदी, वहीत इंग्रजी. हिंदी पुस्तकातला ‘प्रांत’ तिच्या वहीत ‘डोमेन’ होतो. म्हणजे क्षच्या जागी ज्या ज्या संख्या टाकता येतात, त्या सगळ्या.

गणित होतं (क्ष² − ९) / (क्ष − ३). तिने अंशाचे (क्ष − ३)(क्ष + ३) असे अवयव पाडले, वरखालचा (क्ष − ३) उडवला, उरलं क्ष + ३. डोमेन लिहिलं: सगळ्या वास्तव संख्या.

“३ टाकून बघ.”

“६ आले, मामा.”

“मूळच्या गणितात टाक.”

वर शून्य, खाली शून्य. “पण मी तर ते कापलं न!”

कापणं म्हणजे वरखाली (क्ष − ३) ने भागणं, आणि क्ष ३ असला की नेमकं तेच शून्य होतं. म्हणून छेद आधी तपासायचा, काटाकाटी नंतर. डोमेन: ३ सोडून सगळ्या वास्तव संख्या. आलेख क्ष + ३ चीच सरळ रेषा, फक्त (३, ६) पाशी एक छिद्र.

तिचं तोंड उतरलं, तेव्हा सांगितलं की अशी काटाकाटी भास्कराचार्यांनीही केली आहे. ‘लीलावती’त (इ. स. ११५० च्या सुमाराची) एक गणित आहे. एका संख्येला शून्याने गुणा, गुणाकारात त्याचाच अर्धा मिळवा, ३ ने गुणा, शून्याने भागा; ६३ आले, तर संख्या कोणती? गुणणारं आणि भागणारं शून्य त्यांनी उडवलं. उत्तर १४. आजच्या नियमाने हे चालत नाही. पण छेदात शून्य असलेली संख्या वेगळीच, हे त्यांना ठाऊक होतं; तिला त्यांनी नाव दिलं ‘खहर’. ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद.

“मग त्यांना मार्क किती?”

मला हसू आलं. पूर्ण शून्य तर नक्कीच नाही. क्ष ३ च्या जवळजवळ नेत गेलो की उत्तर ६ च्या जवळ सरकतं, हे ती याच वर्षी ‘लिमिट’मध्ये शिकेल. आचार्यांची काटाकाटी त्या वाटेवरचीच वाटते मला.

माझ्या धंद्यात मात्र एवढी सवलत नाही. एकदा दुकानवार सरासरी बिल काढणारा प्रोग्राम लिहिला होता. एका नव्या दुकानात त्या दिवशी एकही बिल फाटलं नाही, भागाकार अडला, सगळा रिपोर्ट थांबला. रात्री दोनला फोन. चूक माझीच, छेद तपासला नव्हता.

पुढचं गणित (क्ष + १) / (क्ष² − ५क्ष + ६) तिने आधी खालूनच धरलं. “२ आणि ३ बाहेर. आणि −१?” −१ राहू दे, वर शून्य आलं तर उत्तर शून्य, बस्स.

आता तुमच्यासाठी: (क्ष − २) / (क्ष² + ४). वास्तव संख्यांपैकी कोणाला बाहेर काढाल? घाई करू नका.