पहिल्या सरीला भुलू नये

मे महिना सरत आला की पेडणे-डिचोली भागातील शेतकरी बांधव आम्हांला एकच प्रश्न विचारतात : पाऊस कधी येणार? आमच्या मते प्रश्न थोडा बदलावा. वारा स्थिर कधी होणार, हे पाहून पेरणी करावी.

आपल्या पावसाचा उगम फार दूर आहे. दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस हवेचा दाब जास्त असतो. इकडे राजस्थान व सिंधची भूमी तापून तेथील दाब उतरतो. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते, विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळते, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून अरबी समुद्रावर येते आणि बाष्प घेऊन सह्याद्रीला धडकते. तेथे ती वर चढते, थंड होते व पाऊस पडतो.

हा प्रवाह वाटेत अडतो. २०२३ च्या जूनमध्ये अरबी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ उठले व वाऱ्याची घडी विस्कटली. केरळात १ जूनच्या सुमारास येणारा मान्सून ८ जूनला आला, ११ जूनला गोव्यात पोचला आणि रत्नागिरीकडे थबकला. मुंबई गाठायला २५ जून उजाडला. २०२५ साली उलट झाले. रोहिणी लागतानाच, २५ मे रोजी, मान्सून गोव्यात आला व दुसऱ्या दिवशी मुंबईत. पण मेअखेरीस त्याची पुढील वाटचाल सुमारे दोन आठवडे थांबली. म्हणजे लवकर आलेला पाऊस टिकेलच असे नाही.

पुढेही धोका असतो. उत्तर भारतावरील कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकला की आपल्याकडे उघाड पडते. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

चुकीच्या वेळी उघाड पडली तर मोरडातील तरवा करपतो. तेरेखोल व शापोरा काठच्या खाजनांत मीठ धुऊन जाण्यास सलग पाऊस लागतो. तो खंडला की खारटपणा पुन्हा वर येतो. बियाणे व मजुरी दोनदा मोजावी लागते, आणि हा भार लहान शेतकऱ्याला पेलत नाही.

म्हणून आमचे सांगणे असे. दुपारनंतर घाटाकडून गडगडत येणारी सर वळवाची समजावी. समुद्राकडून वारा दिवसरात्र लागून राहिला व हवामान खात्यानेही पुढील आठवड्याचा पाऊस सांगितला, तरच बी टाकावे. सगळे बी एकाच दिवशी टाकू नये. थोडे राखून ठेवावे. कृषी खात्यानेही दुबार पेरणीसाठी बियाणे हाताशी ठेवावे, अशी आमची मागणी आहे.

जुनी माणसे नक्षत्र पाहत, पण वाऱ्याकडेही पाहत. तेवढे आपणही करू या.