आजीचं प्रोटीन कोण मोजतंय?

जिमला जाणाऱ्या कुठल्याही मित्राला विचारा, दिवसाला किती प्रोटीन घेतोस? आकडा तोंडपाठ असतो. वजन एवढं, म्हणून ग्रॅम एवढे. त्यातले अंड्यांतून इतके, स्कूपमधून इतके. आता त्यालाच विचारा, तुझी आजी किती घेते? तो हसेल. आजी आणि प्रोटीन? आजी चहा घेते.

गंमत अशी, की वजनाच्या हिशेबात साध्या तरुण माणसापेक्षा आजीलाच प्रोटीन जास्त लागतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढांसाठी ठरवलेलं प्रमाण आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हाताऱ्या माणसांसाठी मात्र जगभरातले बरेच तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. कारण तिशीनंतर दर दहा वर्षांत स्नायू साधारण ३ ते ८ टक्क्यांनी झिजत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. १९८९ मध्ये आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन संशोधकाने या झिजेला ‘सार्कोपेनिया’ असं नाव दिलं. आपल्याकडे त्याला अजूनही एकच नाव आहे: वय झालं.

आपण स्नायू कमावतो ते टी-शर्टची बाही घट्ट व्हावी म्हणून. आजीला ते लागतात संडासात बसून स्वतःचं स्वतः उठायला, रिक्षाची पायरी चढायला, शहागंजच्या गर्दीत कुणाचा धक्का लागला तर तोल सावरायला. तो तोल एकदा गेला आणि खुब्याचं हाड मोडलं, की त्या घराचं पुढचं वर्ष कसं जातं हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलेलं असेल.

मग आपण काय करतो? डबा आणतो. पांढऱ्या केसांचं हसरं जोडपं छापलेला, व्हॅनिला नाहीतर चॉकलेट फ्लेवरचा. पहिल्या पगारातून आजी-आजोबांना काय घ्यायचं हा प्रश्न हल्ली तिथेच सुटतो. त्यात ओळखीतले कुणी काका ‘आमची पावडर घ्या, गुडघे धावायला लागतील’ म्हणत घरी येतात आणि महिन्याची दोन-अडीच हजारांची चाट बसते. डबा आणणाऱ्याचं प्रेम खोटं नाही. पण डबा फळीवर ठेवला की आपलं काम झालं असं वाटतं, आणि माझी तक्रार तिथे आहे.

१९९४ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. वृद्धांसाठीच्या एका निवासी केंद्रातली १०० माणसं, सरासरी वय ८७. चार गट केले. एकाला पायांचा वजनी व्यायाम, एकाला पौष्टिक पेय, एकाला दोन्ही, एकाला यातलं काहीच नाही. १० आठवड्यांनी व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंची ताकद दुपटीहून जास्त झाली होती, ११३ टक्के वाढ. सत्त्याऐंशीव्या वर्षी! आणि नुसतं पेय पिणाऱ्यांचा अशक्तपणा होता तसाच. आणखी एक गोष्ट मला त्यात फार बोलकी वाटली: दिवसभरात पोटात जाणाऱ्या एकूण उष्मांकांत खरी वाढ झाली ती फक्त पेय आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांची. बाकीच्यांनी पेय घेतलं, पण जेवण तेवढं कमी केलं असणार. आपल्या घरीही हेच होतं ना? ‘आता दूध-पावडर घेतली, मला भाकरी नको.’

डब्याची मागची बाजूही वाचत चला. अशा पूरक आहाराच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ आणि ‘वैविध्यपूर्ण आहाराला पर्याय म्हणून वापरू नये’ या अर्थाची वाक्यं छापावीच लागतात, एफएसएसएआयचा नियमच आहे. बारीक अक्षरात आणि इंग्रजीत असतात, म्हणजे ज्यांच्यासाठी डबा आणला त्यांना ती दिसतही नाहीत. साखर किती तेही बघा, घरात शुगर असलेलं माणूस असेल तर आधी तेच बघा. च्यवनप्राशलाही हा नियम लावा. च्यवन ऋषी पुन्हा तरुण झाले म्हणतात, पण त्यांना मधुमेह असल्याचं कुठे ऐकलं नाही. आणि तुमचा स्वतःचा डबा? भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासणारा एक अभ्यास २०२४ मध्ये आला होता. त्यातल्या जवळपास ७० टक्के डब्यांवरची प्रोटीनची माहिती चुकीची निघाली. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेनेही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असं आपल्या आहार मार्गदर्शिकेत सांगितलं.

आता आजीचा हिशेब मांडू. वजन ५० किलो धरा, म्हणजे दिवसाला सुमारे ५० ग्रॅम. सकाळी चहा-खारी. दुपारी दीड भाकरी, पातळ वरण, जरा भाजी. संध्याकाळी पुन्हा चहा. रात्री ‘मला भूक नाही’ म्हणत दूधभात, तोही सगळ्यांची जेवणं झाल्यावर, उरलं असेल तेवढा. किती झालं? ओढूनताणून २५ ग्रॅम. निम्मं. मी हा हिशेब आमच्या आजीचा केला आणि मग चार मैत्रिणींना त्यांच्या घरी करायला लावला. आजोबांचे आकडे थोडे बरे होते, कारण त्यांना आग्रह करून वाढणारं कुणीतरी होतं. आज्यांना वाढायला कुणी नव्हतं.

उरलेले २५ ग्रॅम कुठून आणायचे? शहागंजात जाऊन आणायचे. निजामाच्या काळातल्या त्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून कुठल्याही बाजूला निघा. फुटाणे, डाळवं, शेंगदाणे, बेसन, मूग, मटकी, तीळ, जवस, खारीक. कुणाच्याच पुडीवर हसरं जोडपं छापलेलं नसतं. तीस ग्रॅम फुटाण्यांत सुमारे ६ ग्रॅम प्रोटीन, एका अंड्यात ६, पेलाभर दुधात ६ ते ७, वाटीभर घट्ट वरणात किंवा उसळीत ६ ते ७. झाले २५. डब्याची किंमत आणि या सगळ्याची महिन्याची किंमत तुम्हीच शेजारी शेजारी लिहून बघा.

‘आजीला दात नाहीत, फुटाणे कशी खाईल?’ बरोबर. म्हणून फुटाण्यांचं पीठ करा, ताकात कालवा. शेंगदाण्याचं कूट भाजीत दुप्पट घाला. आणि पिठलं आहेच की! मऊ, गरम, चावायची कटकट नाही, आणि डाळीच्या पिठाचंच. मराठवाड्यात आपण पिठल्याला गरिबाचं जेवण म्हणून नाक मुरडतो आणि मग त्याच डाळीतलं प्रोटीन चॉकलेट फ्लेवरमध्ये विकत घेतो. आजी माळकरी असेल तर अंडं बाद. मग दही, पनीर, मूग.

पण खाण्याने अर्धंच काम होतं, बोस्टनच्या म्हाताऱ्यांनी ते दाखवलंय. उरलेलं अर्धं आपणच काढून घेतलं असं मला वाटतं. सिल्लोड, पैठण, गंगापूरकडून सिडको-हडकोत राहायला आलेली आपली घरं आठवा. गावाकडे आजी जात्यावर दळायची, विहिरीचं पाणी शेंदायची, उकिडवं बसून भाकरी थापायची, दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठायची. त्याला कुणी ‘स्क्वॉट’ म्हणालं नाही. ते कष्टच होते, त्यांचं कौतुक करण्यात अर्थ नाही. जातं सुटलं ते बरंच झालं. पण शहरात आणून आपण तिला पलंग दिला, खुर्ची दिली, कमोड दिला आणि म्हणालो, ‘आता तू काही करू नको, नुसता आराम कर.’ तिने ऐकलं. (नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या आपल्या शहरात हंडे-बादल्या भरायचा वर्कआउट तेवढा शिल्लक आहे, पण तोही आईच्या वाट्याला.)

आज घरी एक करून बघा. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या. आजीला किंवा आजोबांना दोन्ही हात छातीवर ठेवून सलग ५ वेळा उठायला-बसायला सांगा. तुम्ही शेजारी उभे राहा, मोबाइलवर वेळ लावा. १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर ताकद कमी झाल्याची शंका घ्यावी असं आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये सांगितलंय. उठताच येत नसेल किंवा चक्कर येत असेल तर अजिबात जबरदस्ती नको, डॉक्टरांना सांगा. जमत असेल, तर हाच व्यायाम. दिवसाआड दोन-तीन वेळा, आठ-दहा उठबशा, हळूहळू वाढवत. तुम्ही जिममध्ये मित्राला ‘अजून एक, अजून एक’ म्हणता ना? तेच इथे म्हणायचं आहे. घरात सेट, रेप, रिकव्हरी हे शब्द फक्त तुम्हालाच कळतात.

सगळ्याच गोळ्या बिनकामाच्या, असं मी म्हणत नाहीये. बी-१२ चं उदाहरण घ्या. हे जीवनसत्त्व मिळतं दूध, अंडी, मांस-मासे यांतून. वयानुसार ते पोटात नीट शोषलं जात नाही, आणि शुगरसाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही कमी होऊ शकतं. हातापायांना मुंग्या, थकवा, विसरभोळेपणा दिसला की आपण पुन्हा ‘वय झालं’ म्हणतो. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं आणि कमी निघालं तर साधी गोळी किंवा इंजेक्शन खरोखर काम करतं. पावडरीच्या डब्याआधी या तपासणीवर पैसे घालवा.

ड जीवनसत्त्वाचं जरा उलट आहे. अमेरिकेत २५ हजारांहून जास्त लोकांवर केलेल्या चाचणीत, कमतरता आहे की नाही हे न बघता रोज ड जीवनसत्त्व देऊन हाडं मोडण्याचं प्रमाण कमी झालं नाही, असं २०२२ मध्ये दिसलं. ज्यांना खरंच कमी आहे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावं. पण ती ६० हजार युनिटची पुडी असते ना, आठवड्याला एक, ठरावीक आठवडे? आपल्याकडे डॉक्टरांचा कागद हरवतो आणि पुडी चालूच राहते. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. प्रमाणाबाहेर गेलं की रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, गोंधळलेपणा, किडनीचा त्रास सुरू होऊ शकतो.

आणि किडनीचा आजार आधीपासून असेल, तर वरचा २५ ग्रॅमचा हिशेब डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर नवीन कुठलीही पावडर, काढा, कॅप्सूल त्यांना दाखवल्याशिवाय नको. पुढच्या वेळी आजीला घेऊन घाटीत किंवा तुमच्या नेहमीच्या दवाखान्यात जाल, तेव्हा फळीवरचे सगळे डबे, पुड्या, बाटल्या, त्या काकांची पावडरसुद्धा, एका पिशवीत भरून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. यातलं काय चालू ठेवू, एवढंच विचारा.