क्रीम हलके, हिशेब पक्का

उन्हाचे सनस्क्रीन क्रीम आणले, पण चेहरा तेलकट झाला. मग हरभऱ्याएवढेच लावायचे आणि ट्यूब पुरवायची. अनेक घरांत असेच होते. पैसेही जातात, ऊनही लागते.

ट्यूबवरचा ३० किंवा ५० हा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत दर चौरस सेंटिमीटर त्वचेला २ मिलिग्रॅम क्रीम लावून काढतात. आपण बहुतेक जण त्याच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी लावतो. म्हणून क्रीम हलके असणे ही चैन नव्हे. चिकटत नसेल तरच माणूस ते पुरेसे लावतो.

मग ते तेलकट का होते? ऊन शोषणारी बहुतेक रसायने तेलात विरघळतात. आकडा वाढवला की रसायन वाढते आणि त्याबरोबर तेलही. यावर उपाय आहेत. काही रसायन पाण्यात विरघळणारे घेतात, थोड्या मात्रेत जास्त काम करणारी नवी रसायने वापरतात, जड तेलाऐवजी हलके तेल घालतात आणि तेलकटपणा टिपायला सिलिकाची बारीक पूड मिसळतात.

आकड्यामागे धावू नका. पुरेसे लावले तर ३० चे क्रीम त्वचा भाजणारे सुमारे ९७ टक्के किरण अडवते, ५० चे ९८ टक्के. चेहरा आणि मान यांना दोन बोटांच्या लांबीएवढे लावा. उन्हात काम असेल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. परवडत नसेल तर पदर, टोपी आणि पूर्ण बाह्या आहेतच.

आणि मुलींना सांगा, हे गोरे होण्याचे औषध नाही. सावळ्या रंगात उणे काहीच नाही.