लुटले जाते ते नेमके काय?

दौलताबादच्या किल्ल्यावर विद्यार्थ्यांना नेले की १२९६ ची हकिकत सांगावीच लागते. अल्लाउद्दीन खिलजी रामदेवराय यादवावर चालून आला आणि देवगिरीची संपत्ती लुटून घेऊन गेला. 'लुटणे' हे क्रियापद येथे चपखल बसते. संपत्ती होती, तिला मालक होता, ती गेली. हेच क्रियापद मराठीत आपण आणखी एका प्रसंगी सर्रास वापरतो : 'तिची अब्रू लुटली.' आमचा आक्षेप या वाक्याला आहे, आणि तो केवळ शब्दशुद्धीचा नाही.

'अब्रू' मूळ फारसी 'आबरू'. म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, तेज. मराठीत रुळता रुळता ती घराण्याची ठेव झाली. त्यामुळे हल्ला स्त्रीच्या देहावर झाला तरी वाक्यात नुकसान होते ते कुळाचे. शिवाय लुटलेली ठेव परत येत नाही. म्हणजे त्या स्त्रीने सावरण्याची शक्यताच वाक्याने आधी नाकारलेली असते. याउलट 'बलात्कार' हा शब्द प्रामाणिक आहे. तो बळाविषयी बोलतो, म्हणजेच बळ वापरणाऱ्याविषयी.

भाषेतली ही धारणा न्यायालयातही पोचते. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष ठरवले. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिला शरीरसंबंधांची सवय होती, हे मुद्दे निकालात आले. थोडक्यात, लुटण्याजोगे काही शिल्लक होते का, हीच तपासणी झाली. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये न्यायालयाला उघड पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये कायदा बदलला.

त्याच १९८३ साली सोहेला अब्दुलअली या तरुणीने 'मानुषी' नियतकालिकात स्वतःच्या नावाने लेख लिहिला. १९८० मध्ये, सतरा वर्षांची असताना, मुंबईत चेंबूरच्या टेकडीवर तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला होता. पुढे २०१३ च्या जानेवारीत, दिल्लीतील घटनेनंतर, तिने पुन्हा लिहिले. जखम झाली ती मला, माझ्या अब्रूला नव्हे, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. आम्हांला हे विधान मोठे वाटते. जखम भरू शकते, तिच्यावर उपचार होतात, तिचा व्रण घेऊन माणूस जगतो, काम करतो, हसतो. सोहेला लेखिका झाली, आई झाली. २०१८ मध्ये तिने या विषयावर ग्रंथ लिहिला. तिच्या आयुष्यात ती घटना आहे. पण ती घटना म्हणजे तिचे आयुष्य नव्हे.

प्रत्येकीने नाव जाहीर करावे, असे आम्ही म्हणत नाही. १९८३ च्या दुरुस्तीने पीडितेची ओळख उघड करणे गुन्हा ठरवले. आज भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात ती तरतूद आहे. मात्र तिने स्वतः लेखी संमती दिली तर नाव छापता येते. नाव झाकण्याचा आणि सांगण्याचा, दोन्ही अधिकार तिचेच. आपण मात्र 'पीडिता' हे तात्पुरते विशेषण तिला कायमचे नाव म्हणून देऊन टाकतो.

साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हीही यातून सुटत नाही. जयवंत दळवींचे 'पुरुष' शिकवताना वर्गातील चर्चा गुलाबराव आणि अंबिकेने घेतलेला सूड यांवर रंगते. अंबिका शिक्षिका आहे; ती पुन्हा वर्गात उभी राहिली असती तर कशी, हा प्रश्न आम्ही वर्षानुवर्षे विचारला नाही. एकदा एका विद्यार्थिनीने तो विचारला आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. सूडाला शेवट असतो, म्हणून तो नाटकाला सोयीचा. सावरणे रोजचे असते, त्याला पडदा नसतो.

तेव्हापासून उत्तरपत्रिकेत 'अब्रू लुटली गेली' असे वाक्य आले की आम्ही त्याखाली रेघ ओढतो आणि समासात विचारतो : कोणी, काय केले? कर्ता लिहायला लागला की वाक्य बदलते. एवढ्याने कोणाचे दुःख हलके होत नाही. पण उद्या तीच स्त्री आपल्या वर्गात येऊन बसली, तर निदान आपली भाषा तिला बाहेर काढणारी नसावी.