पायाखालची डबी घेताना

मैत्रिणींनो, आज लोणचं नाही, फोडणी नाही आणि स्वेटरचे टाकेही नाहीत. आज विजेच्या गिटारला जोडायच्या डब्यांविषयी बोलायचं आहे. हसू नका हं! ज्यांच्या घरातलं कुणी ऑर्केस्ट्रात वाजवतं त्यांना ठाऊक आहे, जमिनीवर ठेवून पायानं दाबायच्या या डब्या (मुलं त्यांना ‘पेडल’ म्हणतात) घरखर्चात केव्हा शिरतात ते कळतसुद्धा नाही.

आमचे धाकटे भाऊजी बास गिटार वाजवतात. चार जाड तारांची, खालच्या सुरांची. आमचं कळंब म्हणजे चिंतामणीचं गाव. गणपतीचे दहा दिवस आणि मग लग्नसराई, एवढ्यावर त्यांचं वर्ष निघतं. दोन वर्षांपूर्वी सोबत्यांत कुजबुज सुरू झाली की बास काय, की-बोर्डवर डाव्या हातानं वाजते, त्यासाठी वेगळा माणूस आणि वेगळा वाटा कशाला? भाऊजी पेटले. काहीतरी नवं ऐकवायचंच म्हणाले. शिकवण्याचे माझे थोडे पैसे बाजूला होते, ते मी दिले आणि नागपूरहून एक डिस्टॉर्शनचं पेडल आलं. दुकानदारानं ते साध्या गिटारवर वाजवून दाखवलं होतं. आम्ही दोघंही खूश!

मांडवात ते बासला लावलं आणि भाऊजींनी पाय दाबला. घरघर मोठी झाली, पण ढोलकीखाली जो जाड सूर हवा तोच गेला. गाणं पोकळ वाटू लागलं. घरी आले ते न जेवताच झोपले.

कारण पुढे कळलं. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा थरथरते, बासची जेमतेम ४१ वेळा. गिटारसाठी केलेल्या पुष्कळ पेडलांत खालचे सूर मुद्दाम कापलेले असतात, नाहीतर आवाजाचा गिचका होतो. गिटारला ते मानवतं. बासचं मात्र सगळं भांडवलच तिथं!

गंमत अशी, की या घरघरीची एक डबी निघाली ती बासच्याच जातीच्या वाद्यावरून. मार्टी रॉबिन्स या अमेरिकन गायकाचं ‘डोन्ट वरी’ हे गाणं १९६१ साली आलं. नॅशव्हिलला ते ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन सहा तारांची बास वाजवत होते, आणि यंत्रातला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला. आवाज फाटका आला, तो तसाच ठेवला आणि लोकांना आवडला. तिथल्याच ध्वनिमुद्रकानं मग तो आवाज देणारी वस्तू जुळवली आणि १९६२ मध्ये ‘मेस्ट्रो फझ-टोन’ नावाची डबी बाजारात आली. म्हणजे बासला ही घरघर वर्ज्य नाही. फक्त मूळ सूर शाबूत राहायला हवा.

तेव्हा बाससाठी घेताना डबीवर मूळ आवाज आणि फाटका आवाज एकमेकांत मिसळायचं बटण आहे का ते आधी बघा. त्याला ‘ब्लेंड’ म्हणतात, कुठे ‘बॅलन्स’ लिहिलेलं असतं. बॉस कंपनीच्या ओडीबी-३ या बासच्या पेडलला ते आहे. आणि खरं विचाराल तर बासला पहिली डबी ही नकोच. पहिली ‘कॉम्प्रेसर’ची. तिनं जोरात लागलेला सूर दबतो, हळू लागलेला वर येतो, आणि मांडवात मागच्या खुर्च्यांपर्यंत बास एकसारखी पोचते. प्रतिध्वनीच्या डब्यांचा मोह मात्र टाळा. पत्र्याच्या मंगल कार्यालयात प्रतिध्वनी फुकटच असतो!

साध्या गिटारचं वेगळं. तिच्या तारांखाली पिकअप असतात, ते आधी निरखा. एकेरी, अरुंद असेल तर आवाज टोकदार निघतो, पण घरघरीचं पेडल लावलं की ट्यूबलाइटजवळ गुंऽऽ अशी गुणगुणही तितकीच वाढते. दुहेरी, रुंद असेल (त्याला हंबकर म्हणतात) तर आवाज आधीच भरदार. तिथं सौम्य ‘ओव्हरड्राइव्ह’ पुरतं. म्हणून मुलाला बजावा, दुकानात स्वतःची गिटार घेऊन जा. दुकानातल्या महागड्या गिटारवर सगळंच गोड लागतं. जोडताना घरघर आधी, प्रतिध्वनी शेवटी. उलट केलंत तर प्रतिध्वनीचीच घरघर होते.

आता विजेचं, कारण पैसे इथंच जळतात. बहुतेक पेडलं ९ व्होल्टची, पण त्यांच्या अडॅप्टरच्या पिनेत ऋण आत आणि धन बाहेर असतं. घरातल्या इतर वस्तूंचे अडॅप्टर बहुधा नेमके उलटे. पीन बसते म्हणून लावू नका, वरची खूण वाचा. आमच्याकडे ऐन कार्यक्रमात लाइन जाते आणि जनरेटर सुरू होईपर्यंत अडॅप्टरचा उपयोग नसतो, म्हणून बॅटरी बसणारी डबी बरी. मात्र बॅटरीवर असताना वायर खोचलेली राहिली की पेडल आतून चालूच असतं. पायानं बंद केलं तरी बॅटरी संपते. वाजवून झालं की वायर काढायची, हे घरातल्या बाईनंच लक्षात ठेवावं लागतं, दुसरं कोण ठेवणार?

ते नागपूरचं पेडल भाऊजींनी गिटार वाजवणाऱ्या सोबत्याला अर्ध्या किमतीत दिलं. त्याच्या गिटारवर ते झकास वाजतं. त्या पैशांत आणखी थोडी भर घालून कॉम्प्रेसर आला. गेल्या गणपतीत की-बोर्डवाल्याचा डावा हात मोकळाच होता, आणि वाट्याचं बोलणं कुणी काढलं नाही. अडॅप्टरच्या पिनेला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावून ठेवला आहे.