सोडले की सुटले?

गेल्या महिन्यात आमची एक जुनी विद्यार्थिनी आपल्या अम्मीला घेऊन घरी आली. हातात एका रुग्णालयाच्या स्वागतकक्षातील नोकरीचा अर्ज होता. "सर, एवढं इंग्रजी तपासून द्या," म्हणाली. अर्ज बरा होता, स्पेलिंगही चोख. शिक्षणात खंड का पडला, या रकान्यात मात्र तिने लिहिले होते : 'आय गेव्ह अप माय एज्युकेशन.'

आम्ही पेन खाली ठेवले. ही मुलगी २०१२ साली दहावी झाली. त्याच उन्हाळ्यात अब्बांना लकवा मारला. घरात मोठी तीच, म्हणून शिलाई मशीनवर बसली. धाकट्या दोघांची शाळा तिने चालवली. २०१८ साली तिने हट्टाने १७ नंबरचा फॉर्म भरला आणि दुसऱ्या वर्षी बारावी झाली. अशा मुलीने स्वतःच्या हाताने 'गेव्ह अप' लिहावे?

'गिव्ह अप' म्हणजे आपणहून सोडणे किंवा हार मानून सोडणे. सिगारेट 'गिव्ह अप' करतात. गॅसची सबसिडी ज्यांना परवडते त्यांनी स्वखुशीने सोडावी म्हणून २०१५ साली सरकारने मोहीम काढली, तिचे नावच 'गिव्ह इट अप' होते. ('गिव्ह अप इट' नव्हे. 'इट', 'देम' असे सर्वनाम आले की ते मध्येच बसते. मुले इथे हमखास चुकतात.) तर हा अर्ज वाचणाऱ्या साहेबाला काय कळणार? मुलीला शिकायचा कंटाळा आला, तिने नाद सोडला.

दोष तिचा नाही. आपल्या दोन्ही भाषांनी आपल्याला फार लाडावून ठेवले आहे. मराठीत 'शिक्षण सोडले' आणि 'शिक्षण सुटले'; उर्दूत 'पढाई छोड दी' आणि 'पढाई छूट गई'. क्रियापदाने जरा रूप बदलले की दोष माणसावरून उतरून परिस्थितीवर जातो. (रोज संध्याकाळी पाचला सुटते ती शाळा वेगळी!) इंग्रजीतल्या 'गिव्ह अप'ला असे 'सुटले' नाही. तिथे हे काम 'हॅड टू' करते आणि क्रियापदामागची अप, ऑफ, इन, ओव्हर ही चिमुकली शेपटे करतात. या जोड्यांना 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हे नाव लोगन पिअर्सल स्मिथ यांच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाले. जोड्या मात्र त्याहून कितीतरी जुन्या.

शेपूट बदलले की अर्थ कुठल्या कुठे जातो. 'गिव्ह इन' म्हणजे दुसऱ्याच्या हट्टापुढे नमणे : मूल रडते, आजी 'गिव्ह इन' करते आणि मोबाईल देते. 'हँड इन' म्हणजे वरच्याकडे रीतसर जमा करणे, जसे वही, अर्ज, राजीनामा. 'हँड ओव्हर' म्हणजे ताबा देणे : किल्ल्या, रोकड, शाळेतला चार्ज. 'हँड आउट' म्हणजे वाटणे. 'हँड डाउन' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुढे देणे, जसे दादीच्या बांगड्या. एका मुलाने निबंधात 'आय हँडेड ओव्हर माय होमवर्क' असे लिहिले होते. आम्हाला वाटले, वही पोलिसांनी जप्त केली!

हसण्यावारी न्यायची नाही अशी एक जोडी म्हणजे 'कॉल ऑफ' आणि 'पुट ऑफ'. 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ओळखीच्या एका घरातून कुवेतच्या नातेवाइकांना संदेश गेला : 'निकाह इज कॉल्ड ऑफ.' त्यांना म्हणायचे होते की तारीख पुढे गेली. तिकडे चाचांनी मुलीच्या वडिलांना फोन लावला आणि "रिश्ता का मोडला?" म्हणून विचारले. पुढे दोन आठवडे दोन्ही घरे एकमेकांना खुलासे देत होती.

'स्टॉप'चीही एक खोड आहे. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे त्याने बोलणे थांबवले. 'ही स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला. अगदी उलट!

जड शब्दांची घराणी वेगळी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्या फ्रेंचमधून पुढे सीज, क्विट, सरेंडर असे शब्द इंग्रजीत शिरले. म्हणून घरात 'स्टॉप' आणि कोर्टाच्या कागदात 'सीज'. शस्त्रे आणि पासपोर्ट 'सरेंडर' करतात, गृहपाठ नव्हे. 'क्विट'मध्ये निघून जाण्याचा भाव आहे. १९४२ ची 'क्विट इंडिया' ही घोषणा मुंबईच्या युसूफ मेहेरअलींची मानली जाते. मराठीत तिचे 'चले जाव' झाले, ते अर्थाला धरूनच. 'रिलिंक्विश' मात्र नीट ओळखून ठेवा, विशेषतः बहिणींनी. हक्कसोडपत्राच्या इंग्रजी मसुद्यात 'रिलीज' आणि 'रिलिंक्विश' हे शब्द भेटतात. त्याखाली सही म्हणजे मिळकतीतला आपला हिस्सा सोडणे. "फक्त एक सही हवी," असे म्हणत कागद पुढे आला, तर हा शब्द शोधा आणि मग काय ते ठरवा.

असो. त्या अर्जाकडे वळू. आम्ही 'गेव्ह अप' खोडले आणि वर लिहिले : 'आय हॅड टू लीव्ह स्कूल.' म्हणजे सोडावी लागली. 'ड्रॉप आउट' आम्ही मुद्दाम टाळले, कारण त्याला गळतीच्या तक्त्याचा वास येतो. आमच्या मते काम झाले होते.

मुलगी वाक्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "सर, पण मी परत सुरू केलं ना? 'लीव्ह' म्हटलं की तिथंच संपतं. तुम्ही वर्गात पिकनिकचं उदाहरण द्यायचा, पाऊस आला म्हणून पुढच्या रविवारी. ते 'पुट ऑफ' इथं नाही का चालणार?"

आम्ही जरा विचार केला. व्याकरणात खोट नव्हती. पेन तिच्याकडे दिले. तिने लिहिले : 'माय फादर फेल इल, सो आय हॅड टू पुट ऑफ माय स्टडीज फॉर सिक्स इयर्स.' अम्मीने विचारले, "क्या लिखा?" तिने वाचून उर्दूत सांगितले. अम्मी काही बोलल्या नाहीत, ओढणी सारखी केली आणि चहाचा कप उचलला.

सोमवारी तिने अर्ज 'हँड इन' केला. उत्तर अजून आलेले नाही.